वॉर्डातला अनुभव नर्सिंगच्या प्रवेशाला चालतो का?

बारावीचा निकाल लागला की एकाच अर्थाचे प्रश्न येऊ लागतात. तालुक्याच्या गावात पंधरा खाटांच्या दवाखान्यात लागलेली मुलगी विचारते, "सगळे मला सिस्टरच म्हणतात, सलाईनसुद्धा लावते. मला थेट दुसऱ्या वर्षाला घेतील का?" मोठ्या रुग्णालयातला वॉर्डबॉय विचारतो, अनुभवाच्या दाखल्यावर टक्केवारीत सूट मिळते का. ब्युरोमार्फत घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणारी बाई विचारते, वय तेहतीस झालं, आता काही होईल का.

उत्तर आधीच सांगून टाकतो. खासगी दवाखान्यात सहायक म्हणून केलेल्या कामाला महाराष्ट्रातल्या नर्सिंगच्या प्रवेशात गुण नाहीत, टक्केवारीत सूट नाही आणि थेट वरच्या वर्षाला बसण्याची सोयही नाही. मग तुम्ही आया असा, वॉर्डबॉय असा, किंवा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलेले असा. शासकीय किंवा महापालिकेच्या सेवेत कायम असाल, तर सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी काही सवलत आहे का, हे आपल्या आस्थापना शाखेत एकदा विचारून घ्या. बाकी सगळ्यांसाठी दार एकच आहे आणि ते बारावीच्या गुणपत्रिकेवरून जातं.

तरीही तो अनुभव फुकट गेला असं समजू नका. तो कामाला येतो, फक्त प्रवेशाच्या खिडकीवर येत नाही.

प्रवेश कशावर ठरतो?

तुमच्या हातात आत्ता काय आहे ते बघा आणि त्याप्रमाणे खालची ओळ शोधा.

- बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-जीव आणि इंग्रजीसह: बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, मागास प्रवर्गांना ४० टक्के. यासाठी २०२३ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी आहे.
- बारावी कोणत्याही शाखेतून, इंग्रजी विषयासह, ४० टक्के: जी.एन.एम., तीन वर्षं. विज्ञानाला प्राधान्य असतं, पण कला-वाणिज्यवाल्यांना दार बंद नाही.
- बारावी उत्तीर्ण, इंग्रजीसह: ए.एन.एम., दोन वर्षं. हा अभ्यासक्रम फक्त स्त्रियांसाठी आहे.
- फक्त दहावी: आधी बारावी. १७ नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून करता येते. मुक्त विद्यापीठाची पदवीपूर्व 'पूर्वतयारी' म्हणजे बारावी नव्हे. ती दाखवून नर्सिंगला अर्ज करू नका.

सगळीकडे वयाची खालची मर्यादा प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला पूर्ण १७ वर्षं अशी आहे आणि वरची ३५. वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असल्याचा दाखला लागतो.

बी.एस्सी.च्या सीईटीत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.चे नियम वर्षागणिक बदलले आहेत. शिवाय १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा केला आहे. म्हणून गेल्या वर्षी मैत्रिणीने काय केलं यावर जाऊ नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून स्वतः वाचा.

मग 'अनुभवाला गुण मिळतात' हे आलं कुठून?

बऱ्याच अंशी यूट्यूबवरून. 'नर्सिंग असिस्टंट' असं शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ समोर येतात आणि तिथला हिशेब खरोखरच वेगळा आहे. तिथे १९८७ च्या केंद्रीय कायद्याने नर्सिंग होममधल्या सहायकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि राज्याच्या नोंदवहीत नाव सक्तीचं केलं. अनेक राज्यांत तास याहून जास्त आहेत. सहायक ही तिथे नोंद असलेली, तपासता येणारी ओळख आहे. त्यामुळे कित्येक कम्युनिटी कॉलेजं प्रवेशाच्या गुणांकनात तिला काही गुण देतात, आणि काही ठिकाणी तर ते प्रमाणपत्र ही प्रवेशाची अटच असते. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात स्थायिक झालेल्या घरातली तुमची भाची नर्सिंगला जाणार असेल, तर तिने हा कोर्स जरूर करावा. नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर गेलेल्या मुलींनी मात्र लक्षात ठेवावं: त्या व्हिसावर शिकता येतं, पण वेगळा कामाचा परवाना असल्याशिवाय सहायकाची नोकरी करता येत नाही.

जर्मनीचंही असंच. तिथे शालेय शिक्षण कमी पडणाऱ्याला किमान एक वर्षाचं मान्यताप्राप्त केअर-असिस्टंट प्रशिक्षण दाखवून तीन वर्षांच्या नर्सिंग प्रशिक्षणाला बसता येतं. पण मान्यता त्यांच्या अभ्यासक्रमाला आहे, आपल्याकडच्या दवाखान्याच्या लेटरहेडला नाही. महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केल्यापासून 'जर्मनीला पाठवतो' म्हणणारे एजंट वाढलेत, म्हणून एवढं लिहिलं.

अनुभवाचा उपयोग कुठे होतो?

पहिला उपयोग प्रवेशाच्या आधीचा. तुम्हाला हे काम झेपतं की नाही, हे तुम्हाला माहीत असतं. रात्रपाळी काय असते, बेडपॅन देताना नाक कसं आवरावं लागतं, नातेवाईक अंगावर आले की काय होतं, हे सगळं बघून जी मुलगी फॉर्म भरते, ती पहिल्या सहामाहीत रडत घरी येत नाही.

दुसरा उपयोग पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात. बिछाना करणं, स्पंजिंग, कूस बदलून देणं, नाकातल्या नळीने भरवताना रुग्णाला बसतं करणं यांत हात बसलेला असतो. वॉर्डची भाषाही कानावरून गेलेली असते. बरोबरच्या मुली 'एनबीएम' म्हणजे काय ते वहीत लिहून घेतात, तेव्हा तुम्ही रुग्णाच्या उशाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून ठेवलेला असतो. सीईटीतल्या ॲप्टिट्यूडच्या वीस प्रश्नांतही थोडी मदत होते. उरलेल्या ऐंशी प्रश्नांत मात्र काडीचीही नाही. अनुभवी उमेदवार मागे पडतात ते नेमके इथे: वॉर्ड येतो, पण अकरावीचं रसायनशास्त्र विसरलेलं असतं आणि इंग्रजीचा धाक बसलेला असतो. तुमच्याकडे सहा महिने असतील तर ते वॉर्डात घालवू नका, पुस्तकात घाला.

याची दुसरी बाजूही ऐका, कारण नर्सिंगच्या शिक्षिका खासगीत हेच बोलतात: अनुभवी मुलींना शिकवण्याआधी त्यांच्याकडून आधीचं सोडवून घ्यावं लागतं. छोट्या दवाखान्यातले टीपीआर चार्ट उघडून बघा. खाली ओळीने सगळ्यांचे श्वास मिनिटाला २०. न्यूमोनियाची आजी २०, हर्नियाचं ऑपरेशन झालेला पोऱ्या २०. कोणी मोजलेलेच नसतात. मनगट धरून नाडी पंधरा सेकंद मोजायची, चारने गुणायचं आणि श्वासाच्या रकान्यात सवयीने आकडा टाकायचा, हे 'इन्चार्ज'कडून शिकलेलं असतं. इंजेक्शन दिल्यावर दोन्ही हातांनी सुईला टोपण लावणं, एकच हातमोजा घालून तीन रुग्णांकडे जाणं ही त्यातलीच भावंडं. कॉलेजात गेल्यावर श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला सांगतील आणि रुग्णाला कळू न देता, नाडीवरचा हात न उचलता मोजायला सांगतील. "आमच्याकडे असं करत नाहीत" हे वाक्य त्या दिवसापासून बंद ठेवा. तोंडी परीक्षेत ते फार महाग पडतं.

कागदोपत्री मोजतात तो अनुभव कोणता?

परिषदेत नोंदणी झाल्यानंतरचा. ही रेषा एकदा समजली की अर्धा गोंधळ मिटतो.

- ए.एन.एम. होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली असेल, तर जी.एन.एम.ला जाता येतं आणि तिथे ३५ वर्षांची अट तुम्हाला लागत नाही.
- जी.एन.एम. झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. एम.एस्सी. नर्सिंगला एक वर्षाचा परिचारिका म्हणून अनुभव लागतो.
- एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत जी.एन.एम.वाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो पात्रता मिळाल्यानंतरचाच.

यात तुमची आयापणाची किंवा ब्रदरची वर्षं कुठेच बसत नाहीत. ती बसवण्यासाठी कोणी दवाखाना 'स्टाफ नर्स म्हणून काम केले' असा दाखला द्यायला तयार असेल, तर घेऊ नका. ज्या तारखांना तुमची नोंदणीच नव्हती, त्या तारखांना तुम्ही परिचारिका होता असं ते लिहिणं आहे. पडताळणीत तो कागद तुम्हालाही अडकवतो आणि दवाखान्यालाही.

गॅप, नाव आणि जात वैधता

नोकरी करून परत शिकायला येणाऱ्यांची गाडी गुणांपेक्षा कागदांवर जास्त वेळा अडते.

बारावीनंतर मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्या काळात तुम्ही काय करत होतात ते त्यात लिहायचं असतं. दवाखान्यातल्या नोकरीचा प्रवेशात होणारा कागदोपत्री उपयोग साधारण एवढाच: गॅप समजावून सांगायला. गॅप असला म्हणून प्रवेश नाकारत नाहीत.

लग्न झालेल्या मुलींनी फॉर्म दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावानेच भरावा. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा, बँकखातं तिसऱ्याच स्पेलिंगचं, असं असेल तर सीईटीचा फॉर्म निघण्याआधी दुरुस्त्या करा. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. जात वैधता प्रमाणपत्र बारावीतच न काढणाऱ्यांना आता धावपळ होते. समितीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज निकालाची वाट न बघता घाला आणि पोच जपून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना, तेही बघा.

फसवणूक कुठे होते?

या वाटेवर सगळ्यात जास्त पैसे 'सहा महिन्यांत नर्सिंग' या पाटीखाली जातात. एसटी स्टँडजवळ, जिन्यावरून वर गेल्यावर दोन खोल्या, एक प्लॅस्टिकचा पुतळा, पांढरा गणवेश आणि शेवटी एक सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. कोर्सचं नाव 'नर्सिंग केअर', 'पेशंट केअर', 'होम नर्सिंग' असं काहीही असतं. यातले काही कोर्स खरेही असतात. जनरल ड्युटी असिस्टंटचा कौशल्य विकासाचा कोर्स रीतसर आहे आणि सहायकाची नोकरी मिळवायला तो ठीक आहे. पण यातल्या कुठल्याही कोर्सने परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि तो पुढच्या नर्सिंगचं पहिलं वर्षही ठरत नाही. पैसे भरण्याआधी हे विचारा:

- हा कोर्स ए.एन.एम., जी.एन.एम. की बी.एस्सी.? तिन्हींपैकी नसेल तर तो नर्सिंगचा नाही.
- संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे का? परीक्षा कोण घेतं? बी.एस्सी.ची संलग्नता साधारणपणे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, आणि ए.एन.एम.-जी.एन.एम.ची परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. संस्थेचं नाव त्यांच्या यादीत स्वतः शोधा, भिंतीवरची फ्रेम बघून विश्वास ठेवू नका.
- संस्थेचं स्वतःचं किंवा जोडलेलं रुग्णालय कुठे आहे? एकदा तिथे जाऊन खाटांवर माणसं आहेत का ते बघा.

दुसरा सापळा शेजारच्या राज्यातला. "नोकरी चालू ठेवा, हजेरी आम्ही बघतो, परीक्षेपुरतं या." हे आमिष तुमच्यासारख्या कमावत्या माणसासाठीच असतं. नर्सिंगमध्ये परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी किंवा पदविका हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाचे तास पूर्ण शंभर टक्के भरून काढावे लागतात. कागदावर भरलेली हजेरी पुढे नोंदणीच्या वेळी उघडी पडली, तर तीन वर्षं आणि फी दोन्ही गेली.

फीबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठेवा. खासगी बी.एस्सी. कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि देणगी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावती नाही म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या जागेवर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हीच जागा व्यवस्थापन कोट्यातून घेतली तर माफी नाही. "फेऱ्यांची कटकट कशाला, आत्ताच सीट बुक करा" असं कोणी म्हणालं, तर त्या वाक्याची किंमत किती ते यावरून काढा. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर वेगळ्या आहेत.

नोकरी ठेवायची की सोडायची?

वरच्या हजेरीच्या नियमावरून उत्तर मिळालंच असेल. नर्सिंगचे हे तिन्ही अभ्यासक्रम पूर्णवेळ आहेत. सकाळी प्रात्यक्षिक, दुपारी वर्ग, अधूनमधून रात्रीची पोस्टिंग. रात्रपाळी करून सकाळी वॉर्डात उभ्या राहणाऱ्या मुली पहिल्या वर्षी दिसतात, दुसऱ्या वर्षी क्वचित. सुट्ट्यांत ब्युरोचं काम धरता येतं, तेवढ्यावर हिशेब मांडा. घर तुमच्या पगारावर चालत असेल, तर एक-दोन वर्षं पैसे साठवून, त्याच काळात सीईटीचा अभ्यास करून मग प्रवेश घेणं जास्त शहाणपणाचं आहे. घाईने प्रवेश घेऊन मध्येच सोडलं तर जागाही जाते आणि पैसेही.

दवाखान्यात आहात तोवर काय मागाल?

- नेमणुकीचं पत्र आणि खरा हुद्दा. त्यावर 'रुग्णसहायक' किंवा 'आया' लिहिलेलं असण्यात कमीपणा नाही.
- सोडताना दाखला: रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, खाटांची संख्या, प्रत्यक्ष काम. सही-शिक्का.
- किमान वेतन. रुग्णालयांनाही ते लागू आहे. बँकेतून पगार घ्या, नोंद राहते.
- कावीळ 'ब'ची लस आणि सुई टोचली तर तात्काळ तपासणी, दवाखान्याच्या खर्चाने.

आणि एक गोष्ट नाकारायची. शिरेतून इंजेक्शन देणं, रक्त चढवणं, औषधाचा डोस ठरवणं ही नोंदणीकृत परिचारिकेची आणि डॉक्टरांची कामं आहेत. नर्सिंग होमने पात्र परिचारिका ठेवाव्यात अशी १९४९ च्या नोंदणी कायद्याची अपेक्षा आहे. पण पगार वाचवायला ती जागा तुमच्याकडून भरून काढतात. काही बिघडलं तर केसपेपरवर सही तुमची असते. "डॉक्टरसाहेब, हे मला येतं, पण मला करायची परवानगी नाही" एवढं शांतपणे म्हणायला शिका. राग आला तरी बहुतेक डॉक्टर ते समजून घेतात.

वय चौतीस असेल तर

तुमच्यासाठी या वर्षाचा फॉर्म हा बहुधा शेवटचा. विज्ञान नसेल किंवा सीईटीची तयारी झाली नसेल, तर बी.एस्सी.च्या नादात वर्ष घालवू नका. बाई असाल तर ए.एन.एम.चा अर्ज आधी भरा, कारण ती नोंदणी मिळाली की जी.एन.एम.साठी वयाचं बंधन उरत नाही. पुरुष असाल तर ए.एन.एम. नाही, म्हणून सरळ जी.एन.एम. आणि जिल्ह्यातल्या एकाच नव्हे, आजूबाजूच्या तीन-चार जिल्ह्यांतल्या शासकीय आणि खासगी संस्थांत. पुष्कळ खासगी संस्था फक्त मुलींसाठी असतात, ते फॉर्मचे पैसे भरण्याआधी फोनवर विचारा. जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर एकच आहे ना, हे आजच काढून बघा. या वयाला एका दिवसाच्या फरकानेही अर्ज बाद होतो.